विमानाची तारीख पहाटे साडेपाचला बदलते : उड्डाण चाचणीत वेळ कशी जुळवायची

उड्डाण चाचणीत तारीख रात्री बाराला बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलते. चाचणीची सगळी घड्याळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात हे मला पाठ होतं, अंगवळणी पडलं नव्हतं. मे महिन्यात दुपारची हवा उकळत असते, विमान नुसतं हिंदकळतं, म्हणून सॉर्टी, म्हणजे चाचणीची उड्डाणफेरी, पहाटेची. पाच दहाला विमानात वीज दिली, रेकॉर्डर सुरू झाला, सहा वाजून गेल्यावर टेकऑफ. दुपारी मी आलेख काढला तर त्यात विमान उतरून गेल्यावर इंजिन सुरू होत होतं! यूटीसीने २३:४० ला सुरू झालेली फाइल मध्येच ००:०० ओलांडत होती, आणि माझ्या स्क्रिप्टने दिवसाचा क्रमांक न बघता नुसत्या वेळेवर ओळी लावल्या होत्या. यंत्रं बरोबर, डेटा बरोबर, चुकलेलो मी. साहेबांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "आणि इंजिन सुरू होईपर्यंत पायलट काय ढकलत होता?"

हे आत्ता लिहायला कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात सी-२९५ या हवाई दलाच्या वाहतूक विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि ५६ पैकी ४० विमानं इथे तयार व्हायची आहेत. तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी कलाभवनचं, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, कुणी ना कुणी येऊन बसतं. "काका, फ्लाइट टेस्टला जायचं तर काय शिकू?" सेन्सर, प्रोग्रॅमिंग, थोडं वायुगतिकी हे कॉलेजात होतं. वेळ जुळवणं मात्र कुणी शिकवत नाही, आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तेच गळ्यात पडतं. पंखात एक डेटा बॉक्स, शेपटीत दुसरा, कॉकपिटमध्ये कॅमेरा, खाली जमिनीवर टेलिमेट्री, म्हणजे विमानातून रेडिओने येणारा डेटा. चौघांची चार घड्याळं. ती एका क्षणाबद्दल एकच गोष्ट सांगतील असं करायचं, हे आपलं काम.

पहिली पायरी : किती चुकलं तर चालेल ते ठरवा

नवखा माणूस इथेच घसरतो. त्याला सगळं नॅनोसेकंदात हवं असतं. आधी कागद घ्या आणि गणित करा.

टेकऑफचं अंतर मोजताय. १२० नॉट म्हणजे सेकंदाला जवळपास ६२ मीटर. कॅमेऱ्याची वेळ आणि वेगाची वेळ एकमेकांपासून ०.१ सेकंद सरकली, तर चाक नेमकं कुठे सुटलं यात सहा मीटरची चूक. १० मिलिसेकंदांत जुळवलं तर चूक साठ सेंटिमीटरवर येते आणि बहुतेक वेळा कुणी तक्रार करत नाही.

आता फ्लटरची, म्हणजे हवेच्या माऱ्यात वाढत जाणाऱ्या पंखाच्या थरथरीची चाचणी घ्या. पंख ४० हर्ट्झला थरथरतोय म्हणजे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं. डावं टोक आणि उजवं टोक एकदमच वर जातात, की एक वर आणि एक खाली, यावरून पंख कुठल्या प्रकारे डोलतोय ते ओळखायचं असतं. दोन्ही टोकांचे बॉक्स एक मिलिसेकंदाने सरकले की फेजमध्ये, म्हणजे दोन लहरींच्या पुढेमागे असण्यात, १४.४ अंशांचं खोटं अंतर दिसतं. एका अंशाची अचूकता हवी असेल तर ७० मायक्रोसेकंदांच्या आत यावं लागेल. इथे तडजोड नाही. विमान तुटण्याशी संबंध असलेली ही चाचणी आहे.

म्हणजे एकाच विमानात एका कामाला १० मिलिसेकंद पुरतात आणि दुसऱ्याला ७० मायक्रोसेकंदही जेमतेम. प्रत्येक मापनासमोर हा आकडा लिहा. मग पुढची सगळी खरेदी, सगळी भांडणं त्या आकड्यावरून करा.

दुसरी पायरी : घरात एकच कर्ता

विमानात मुख्य घड्याळ एकच असावं आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकावं. ते सहसा जीपीएसवर चालतं. उपग्रह दिसत असतील तर त्याचा सेकंदाला एकदा येणारा पीपीएस ठोका मायक्रोसेकंदाच्याही बराच आत बरोबर असतो. अँटेनाच्या केबलची लांबी मोजत बसू नका. मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद, वीस मीटरला १००. आपल्या कामात ते दिसणारही नाही.

दिसतं ते हे. जीपीएसचा स्वतःचा काळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, कारण पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला यूटीसीत अधूनमधून घालतात तो जादा लीप सेकंद जीपीएस मोजत नाही. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस घातला गेला. यूटीसी काढण्यासाठी रिसीव्हरला तो १८ चा आकडा उपग्रहाकडून मिळावा लागतो, आणि तो १२.५ मिनिटांच्या चक्रात एकदाच येतो. कितीतरी दिवस बंद पडलेला रिसीव्हर थंड सुरू केला की काही जातींचे रिसीव्हर पहिली काही मिनिटं चुकीची वेळ देतात आणि मग एकदम उडी मारतात. स्क्रीनवर 'लॉक' हिरवा असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. म्हणून माझा नियम : वीज दिल्यावर पंधरा मिनिटं कुणी रेकॉर्डरला हात लावायचा नाही. पायलटला घाई असते, ग्राउंड क्रूला घाई असते. तुम्ही चहा प्या.

दुसरं म्हणजे, विमान कलतं. तीव्र वळणात अँटेनाचं तोंड क्षितिजाकडे वळतं आणि उपग्रह सुटू शकतात. तेव्हा मुख्य घड्याळ स्वतःच्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालतं, त्याला होल्डओव्हर म्हणतात. किती टिकतं हे क्रिस्टलवर. हिशोब सोपा आहे. दर दहा लाखांत एकाची चूक, म्हणजे १ पीपीएम, तासाला ३.६ मिलिसेकंद खाते. स्वस्तातलं २० पीपीएमचं क्रिस्टल तासाला ७२ मिलिसेकंद. फ्लटरच्या सत्तर मायक्रोसेकंदांचं बजेट ते चार सेकंदांतच संपवतं.

हे डोळ्यांनी बघायला विमान लागत नाही. पीपीएस देणारं जीपीएस मॉड्यूल आणि १६ मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. बोर्डवर खरं क्रिस्टल असू द्या. सिरॅमिक रेझोनेटरवाला नको, तो हजारो पीपीएमने चुकतो. दोन पीपीएस ठोक्यांच्या मधे बोर्डने स्वतःचे किती ठोके मोजले ते छापत राहा. १,६०,००,००० यायला हवेत. कलाभवनच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने आमच्या ओट्यावर हे मांडलं तेव्हा १,६०,००,३२० यायला लागले. तीनशे वीस जास्त, म्हणजे बरोबर २० पीपीएम. मी तिला म्हटलं, "आता तुझा चहाचा कप क्रिस्टलला टेकव." तिने टेकवला. मिनिटाभरात शेवटचे आकडे हलायला लागले आणि पन्नासेक ठोके सरकून थांबले.

"काका, याला ताप आला."

"अगं, मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या विमानातून हे दोन तासांत वर गारठ्यात जाणार आहे. तिथे याचं काय होईल ते सांग."

तापमानाची भरपाई करणारं टीसीएक्सओ किंवा आत छोटी भट्टी असलेलं ओसीएक्सओ महाग का, हे तिला मग सांगावं लागलं नाही. जाता जाता एक : मॉड्यूलची अँटेना गच्चीवर ठेवाल तर उत्तरायणाच्या आठवड्यात काढून घ्या. माझी केबल एका वर्षी मांज्यात गुंतून शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनात पडली होती.

तिसरी पायरी : वेळ पोचवायची कशी

दोन वाटा आहेत. जुनी आयरिग-बी, नवी पीटीपी. आजच्या बहुतेक विमानांत दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून दोन्ही यायला हव्यात.

आयरिग-बी म्हणजे एका तारेवरून जाणारे ठोके. सेकंदाला १००, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक. ठोका २ मिलिसेकंदांचा असेल तर शून्य, ५ चा असेल तर एक, ८ चा असेल तर खूण. लागोपाठ दोन ८ चे ठोके आले की दुसऱ्या ठोक्याची चढती कड म्हणजे नव्या सेकंदाची सुरुवात. ऑसिलोस्कोप लावा आणि हे एकदा स्वतः वाचा. सेकंद, मिनिटं, तास, दिवसाचा क्रमांक असं बोटाने मोजत जा. तासभर जाईल, पण पुढे कधी केबल तुटली की सिग्नलकडे बघूनच कळेल. सरळ ठोक्यांचा प्रकार मायक्रोसेकंदाच्या घरात चालतो. १ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेला प्रकार लांब तारेवर बरा, पण अचूकता कमी. आणि एक लक्षात ठेवा : जुन्या प्रकारांत वर्ष नसतं, नुसता दिवसाचा क्रमांक. वर्ष तुम्हाला हाताने द्यावं लागतं. ३१ डिसेंबरला कुणी ते बदलायला विसरतंच.

पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८, इथरनेटवरून चालतं. मुख्य घड्याळ निरोप पाठवतं, ही वेळ टी-१. बॉक्सला तो मिळतो टी-२ ला. बॉक्स उलट निरोप पाठवतो टी-३ ला, मुख्य घड्याळाला मिळतो टी-४ ला. टी-२ मधून टी-१ वजा करा, टी-४ मधून टी-३ वजा करा. पहिल्यातून दुसरं वजा करून अर्धं केलं की बॉक्सचं घड्याळ किती पुढे आहे ते मिळतं. समजा पहिला फरक ७५ मायक्रोसेकंद आला आणि दुसरा उणे २५. वजाबाकी १००, अर्धे ५०. बॉक्स ५० मायक्रोसेकंद पुढे आहे आणि वाट २५ ची आहे.

यातली मेख 'अर्धं' या शब्दात आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरलंय. मांडवीहून फतेगंजला संध्याकाळी सहाला स्कूटरने जा आणि रात्री अकराला परत या, मग एकूण वेळेचे दोन भाग करून अंतर काढा. काय येईल ते बडोदेकराला सांगायला नको. ऑफिसातला साधा स्विच असंच करतो : एका दिशेला व्हिडिओची गर्दी, दुसरी मोकळी. जाण्यायेण्यात १० मायक्रोसेकंदांचा फरक पडला तर वेळ ५ ने चुकते, आणि बॉक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पीटीपी समजणारा स्विच लागतो, जो स्वतःकडे निरोप किती वेळ थांबला ते त्याच निरोपात लिहून पुढे पाठवतो.

आणखी दोन खड्डे. २००२ ची पहिली आवृत्ती आणि २००८ ची दुसरी यांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. जुने बॉक्स पहिलीच बोलतात. त्यांना शेजारी बसवलंत तर ते गप्प बसतात, भांडतही नाहीत. २०१९ ची आवृत्ती २००८ शी जमवून घेते. आणि कर्ता कोण हे पीटीपीत यंत्रं आपसांत निवडणूक घेऊन ठरवतात. मुख्य घड्याळाचे उपग्रह गेले की दुसराच कुणी खुर्चीवर बसू शकतो. डेटा बॉक्सना उमेदवारीच देऊ नका. सेटिंगमध्ये त्यांना कायमचं 'स्लेव्ह' करून टाका.

चौथी पायरी : शिक्का कुणी, कुठे मारला

आता खरी गोष्ट. वरचं सगळं नीट केलंत, सगळी घड्याळं मायक्रोसेकंदात जुळली, तरी डेटा चुकीचा असू शकतो. पोस्टाचा शिक्का आजीने पत्र कधी लिहिलं ते सांगत नाही. पत्र पोस्टात कधी पोचलं ते सांगतो. प्रत्येक मापनाबाबत हेच विचारायचं : हा शिक्का पत्र लिहिताना मारला, पेटीत टाकताना, की पोस्टात?

अॅनालॉग चॅनेलपासून सुरू करा. सेन्सरनंतर फिल्टर असतो, आणि फिल्टर वेळ खातो. सेकंदाला २०४८ नमुने घेणाऱ्या बॉक्समध्ये १२९ टप्प्यांचा डिजिटल फिल्टर असेल तर सिग्नल ६४ नमुने, म्हणजे ३१.२५ मिलिसेकंद उशिरा बाहेर येतो. ४० हर्ट्झच्या थरथरीत हे सव्वा आवर्तन झालं. दोन्ही टोकांना एकच फिल्टर असेल तर दोन्ही सारखेच उशिरा, फेज वाचली. पण डावीकडे हा फिल्टर असलेला नवा बॉक्स आणि उजवीकडे तो नसलेला जुना असेल, तर एकमेकांना साथ देणारी टोकं ९० अंशांनी वेगळी दिसतील, आणि तुम्ही पीटीपीला शिव्या देत बसाल. काही बॉक्स हा उशीर स्वतःच शिक्क्यातून वजा करतात, काही नाही.

पीसीएम टेलिमेट्रीत, म्हणजे सगळी मापनं बिटांच्या एका रांगेत पाठवतात तिथेही, असाच घोळ. समजा सेकंदाला १० लाख बिट, १६ बिटांचे शब्द, ६२५ शब्दांची फ्रेम. एक शब्द १६ मायक्रोसेकंदांचा, फ्रेम १० मिलिसेकंदांची. शिक्का फ्रेमच्या सुरुवातीला. मग ३०१ वा शब्द ४.८ मिलिसेकंद नंतरचा धरायचा का? शब्दाची पाळी आली तेव्हाच नमुना घेणारा बॉक्स असेल तर हो. पण सगळे नमुने फ्रेमच्या तोंडाशी एकदम घेऊन मग रांगेत पाठवणारे बॉक्सही असतात. तिथे तुम्ही ४.८ मिळवलेत तर बरोबर असलेली वेळ तुम्हीच बिघडवली. माहितीपुस्तिका वाचा, आणि वाचून झाल्यावरही विश्वास ठेवू नका. सिग्नल जनरेटरची एकच साइन लहर पहिल्या आणि ३०१ व्या शब्दाच्या चॅनेलला द्या. पट्टी लावून फेज बघा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

विमानाच्या स्वतःच्या बसवरून, म्हणजे त्याच्या उपकरणांना जोडणाऱ्या डेटाच्या तारेवरून, येणारा डेटा सगळ्यात फसवा. एआरआयएनसी ४२९ या प्रकारच्या बसवर १०० किलोबिटच्या वेगाने एक शब्द पोचायला मधल्या जागेसकट ३६० मायक्रोसेकंद लागतात, ते क्षुल्लक. पण वेग मोजणाऱ्या पिटोट नळीतला हवेचा दाब संगणकापर्यंत पोचला, त्याने तो गाळला, वेगात बदलला, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबला आणि मग बसवर टाकला. यात काही दहा मिलिसेकंद सहज जातात. तुमचा बॉक्स शब्द हाती आल्यावर शिक्का मारतो. शिक्का चोख, पत्र शिळं. अशा मापनाला जुळवून घ्यायचं तर त्या संगणकाच्या उशिराचा आकडा बनवणाऱ्याकडून लेखी मागा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात : २५ फ्रेमचा व्हिडिओ म्हणजे ४० मिलिसेकंदांची पायरी, आणि चित्रावर छापलेली वेळ प्रकाश आत आला तेव्हाची नसून बरेचदा चित्र दाबून लहान केलं तेव्हाची असते. पीपीएसवर पेटणारा एक एलईडी कॅमेऱ्यासमोर कोपऱ्यात बसवा. छापलेली वेळ आणि दिवा यांतलं अंतर उघडं पडतं.

पाचवी पायरी : टकटक

आमच्या हँगरमधले एक जुने टेक्निशियन, शिक्षण आयटीआयचं, लॅपटॉप उघडायच्या आधी रबरी हातोडी उचलायचे. पंखावर ठरलेल्या जागी तीन टकटक, शेपटीजवळ तीन टकटक. "साहेब, विमानाला विचारा ना सरळ." हातोडीत बलमापक असेल तर उत्तमच. एकच धक्का सगळ्या बॉक्सच्या कंपनमापकांत उमटतो. धातूतून कंपन पोचायला लागणारा काही मिलिसेकंदांचा वेळ धरून सगळ्यांनी एकच क्षण दाखवला पाहिजे. जास्त बारीक हवं असेल तर मुख्य घड्याळाचा पीपीएसच प्रत्येक बॉक्सच्या एका मोकळ्या अॅनालॉग चॅनेलला जोडून ठेवा. एक चॅनेल वाया जातो म्हणून कुरकुर होते. होऊ द्या.

टकटक उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतर, दोन्ही वेळा. आधी जुळलेलं नंतर सुटलं असेल, तर मधे कुणाचं तरी घड्याळ वाहत गेलंय. विमान थांबलं की वीज तोडायची सगळ्यांना घाई असते. दोन मिनिटं मागून घ्या. आणि उपग्रह लॉक, आयरिग लॉक, पीटीपीचा चालू फरक हे सगळं डेटासोबतच नोंदवा. सॉर्टीत चाळिसाव्या मिनिटाला काय झालं ते नंतर फक्त तेच सांगतं.

सहावी पायरी : फाइल उघडल्यावर

आयरिग १०६ या मानकाच्या दहाव्या प्रकरणाप्रमाणे लिहिणारा रेकॉर्डर डेटाच्या प्रत्येक पाकिटावर यूटीसी मारत नाही. त्याचा स्वतःचा १० मेगाहर्ट्झचा ४८ बिटी मोजणारा असतो, १०० नॅनोसेकंदांना एक ठोका, आणि त्याचाच आकडा पाकिटावर जातो. खरी वेळ वेगळ्या पाकिटात सेकंदाला एकदा येते आणि त्या मोजणाऱ्याशी गाठ मारते. हा फार शहाणपणाचा घाट आहे. जीपीएसने मध्येच १८ सेकंदांची उडी मारली तरी मोजणारा अखंड चालत राहतो, म्हणून नंतरच्या खऱ्या गाठीवरून मागचा सगळा डेटा सरळ करता येतो. क्रम लावायचा तर या मोजणाऱ्यावर लावा. मी घड्याळावर लावला होता.

मग दोन स्रोतांतला फरक काढा आणि आधी आकडा नीट बघा. सॉर्टीभर फरक हळूहळू वाढत असेल तर क्रिस्टल. अधूनमधून उड्या मारत असेल तर नेटवर्क. कायम एकच, विचित्र आकडा, म्हणजे ३१.२५ मिलिसेकंदांसारखा असेल तर फिल्टर. पण फरक पूर्ण सेकंदांत असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, यंत्र शाबूत आहे. नेमका १ असेल तर जीपीएसचं वेळ सांगणारं वाक्य नुकत्या झालेल्या ठोक्याचं की पुढच्या, यात गल्लत. १८ असेल तर कुणीतरी जीपीएस काळालाच यूटीसी समजलंय. ३७ असेल तर पीटीपीचा टीएआय, म्हणजे लीप सेकंद नसलेला अणुघड्याळांचा काळ, तसाच वापरलाय. १९ असेल तर एक बॉक्स जीपीएसवर आणि दुसरा टीएआयवर. १९,८०० असेल तर कुणाच्या तरी लॅपटॉपवर भारतीय वेळ आहे. १०२४ आठवड्यांचा, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडा जास्त असेल तर जुन्या रिसीव्हरचा आठवड्यांचा मोजणारा शून्यावर आलाय. एप्रिल २०१९ मध्ये जगभर आला होता.

आणि ८६,४०० असेल, तर सॉर्टी पहाटेची होती का ते विचारा.